एका फर्म्याचं तत्त्वज्ञान

ताईच्या धाकट्या भावाने जन्मात एक पुस्तक धड पूर्ण वाचलं नव्हतं आणि गल्लीत त्याला सगळे 'विचारवंत' म्हणत. ताईला याचं हसूही यायचं आणि तळपायाची आग मस्तकातही जायची.

भाऊ बाइंडर होता. वाचनालयातली फाटकी पुस्तकं उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, पुन्हा शिवायचे, खळ लावून शिकंज्यात दाबायचे. खळ त्या काळी घरीच शिजायची. तो आंबूस वास आला नाही, तर ताईला पुस्तक पुस्तक वाटत नसे. शिवणं तिच्याकडे, खळ भावजयीकडे. आणि खळ वाळेपर्यंत हाताशी पडलेला एखादा फर्मा चाळून आयुष्याचा अर्थ सांगणं भावाकडे.

'मौन हीच खरी भाषा' हे त्याला असंच सापडलं. मग बायकोशी हूं नाही की चूं नाही. गिऱ्हाइकांना मात्र मौनाची थोरवी घसा सुकेपर्यंत सांगायचा. शब्दांनी माणूस घडतो म्हणतात. ताईने पाहिलं होतं ते वेगळंच. आपल्या आळसाच्या मापाचं वाक्य मिळालं की माणूस ते अंगात घालतो आणि वर त्याला तत्त्व म्हणतो.

शेवटी भावजय पिशवी भरून दारात उभी राहिली. "भिंतींशीच बोलायचं, तर माझ्या भावाच्या घरी काय भिंती नाहीत?"

तिने चपला घातल्या. काढल्या. पदर सारखा केला. पुन्हा घातल्या. हातातला ब्रश खाली न ठेवता हा म्हणाला, "जाणाऱ्याची वाट अडवू नये. प्रेम म्हणजे उघडी मूठ."

पुस्तकं न्यायला आलेला वाचनालयाचा शिपाई "वा!" म्हणाला. ती गेली.

काही दिवसांनी निरोप आला. भावजयीचा भाऊ दूरच्या गावी बिऱ्हाड हलवत होता आणि तीही त्याच्याबरोबर निघाली होती, तिथल्या शिवणकामाच्या कारखान्यात. उद्या सकाळी.

"ऊठ," ताई म्हणाली. "चप्पल घाल."

"ताई, माझं एक तत्त्व आहे."

"तुझं? अरे, तो फर्मा मी शिवलाय, आणि त्याच्या पुढचाही. तुझा तो उघड्या मुठीवाला शहाणा पुढच्या फर्म्यात तिच्यामागे अनवाणी धावत सुटतो. भर रस्त्यात ढसाढसा रडतो."

भावाचा चेहरा उतरला. "धावतो?"

"धावतो. तू वाचलं नाहीस, कारण ती पानं तेव्हा शिकंज्यात होती."

"मग... सापडते ती त्याला?"

"ते तुला कशाला? तुझी बायको कादंबरीत नाही. तिकडे सामान बांधतेय!"

धुतलेला सदरा घालून तो निघाला. ताईही सोबत निघाली. वाटभर त्याचे ओठ हलत होते, तेव्हाच तिने ओळखलं, पुन्हा काहीतरी पाठ चाललंय. मेहुण्याच्या घराचं दार उघडलं. भावजय पाहते आहे तोच याने मान वर केली आणि म्हणाला, "परतीची वाट पायांना नाही, हृदयाला ठाऊक असते."

दार बंद. आतून कडी.

"छान," ताई म्हणाली. "हे कुठल्या फर्म्यातलं?"

तो रडवेला झाला. "मग काय म्हणू? तूच सांग ना."

"मीच सांगू? म्हणजे आता माझी पाठ केलेली वाक्यं बोलणार! नवरा तू आहेस ना तिचा? की तेही मीच शिवून देऊ?"

तो बंद दाराकडे वळला. तोंड उघडायचा, मिटायचा. इतक्या वर्षांत ताईने त्याला असा रिकामा कधी पाहिला नव्हता. मग तो कसंबसं बोलला, "अगं, नको ना जाऊस. मला करमत नाही."

आत पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला, "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"कुठल्याच नाही गं."

"ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं. तिने अजून मोठ्याने म्हणायला लावलं, मग शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ताई पायरीवर बसली आणि मनात म्हणाली, घे बाई, चांगला घासून घे त्याला. कडी निघाली, तेव्हा विचारवंतांचा आवाज पार बसला होता.