सोळा कोर आणि सकाळपाळी

बस डेपोत पाळ्यांचा तक्ता करणाऱ्या बाईंनी नव्या कॉम्प्युटरसाठी वर्षभर साहेबांचं डोकं खाल्लं होतं. जुना चार कोरचा, आत राबणारे चार मेंदूच जणू; नवा सोळाचा. म्हणजे सहा तासांचं काम दीड तासात, हा बाईंचा सरळसोट हिशेब. त्याच भरवशावर त्यांनी ड्रायव्हरांचे अर्ज घ्यायची मुदत सकाळऐवजी दुपारी बारापर्यंत वाढवली. कुणी सांगितलं होतं?

पावणेबाराला बिल्ला एकशे चाळीसवाला ड्रायव्हर आला. त्याच्या मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. महिनाभर रोज दुपारी तिला व्यायामाला न्या, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात बापलेक दोघंच.

"बाई, एवढा महिना सकाळपाळी बघा."

"निर्धास्त जा, दादा. सहाला तक्ता बघा," बाई बोलून गेल्या.

बाराला प्रोग्राम सुरू केला. दोनला बघतात तर जेमतेम तीस टक्के. धावपळ करून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिला.

"तुमचा प्रोग्राम एकाची पाळी ठरवतो, मगच दुसऱ्याची धरतो. त्याला एकच कोर पुरतो. बाकीचे पंधरा बसून आहेत. त्यातून यातला एकेक कोर जुन्यापेक्षा जरा हळूच."

"आमच्या घरासारखंच. राबणारी एकटी," बाई म्हणाल्या, पण हसू काही फुटलं नाही. "जुना परत लावा ना."

"तो सुटा करून भाग वाटूनसुद्धा झाले."

"मग मी काय करू?"

"थांबा. दुसरं काय करणार?"

थांबून चालणार नव्हतं. सहाला नवा तक्ता लागला नाही तर गेल्या महिन्याचाच आणखी महिनाभर चालवायचा, असा डेपोचा नियम. आणि एकाचीही पाळी हाताने बदलायची नाही, हा दुसरा. वशिलेबाजी नको म्हणून हा दुसरा बाईंनीच भांडून करून घेतलेला. आता तोच त्यांच्या मानगुटीवर बसला. चहा आला, निवला, साय धरली. बाई नुसत्या आकड्याकडे बघत बसल्या, जणू बघितल्याने तो पळणार होता.

सहाला ब्याण्णव टक्के. साहेबांनी घड्याळ दाखवलं. बाईंनी जुना तक्ता स्वतःच्या हाताने लावला. एकशे चाळीस, दुपारपाळी.

साडेसहाला दादा आत आला. खुर्चीमागे उभा राहिला. तेवढ्यात प्रोग्राम संपला आणि नवा तक्ता पडद्यावर उमटला. सकाळपाळीच्या रांगेत एकशे चाळीस.

"हा माझाच ना?" त्याचा चेहरा उजळला. "मग उद्या सकाळी येऊ?"

बाईंनी बाहेर लावलेल्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

"नाही, दादा. दुपारी या."