हौशीरामच्या जीपचे चार लाइट

मंडळी, घरातली भांडणं भाजीतल्या मिठावरून होतात, टीव्हीच्या रिमोटवरून होतात. येडगावच्या हौशीरामच्या घरात त्या सकाळी ते स्कूटीवरून झालं.

स्कूटी त्याच्या सुनेची. उज्ज्वला नारायणगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. आदल्या दिवशी दिवस मावळताना ती घरी निघाली, तर समोरून एक जीप आली. टपावर लाइटची रांग, सगळे चालू. उज्ज्वलाला एकदम काहीच दिसेना. स्कूटी साइडपट्टीखाली उतरली आणि बाई घाणेरीच्या जाळीत. हाताला नऊ टाके पडले. जीपवाला थांबलाही नाही.

"मामा, मी काम सोडते," सकाळी चहा देताना ती म्हणाली. "त्या रस्त्यानं मी आता संध्याकाळची यायची न्हाई."

हौशीरामचा चहा बशीतच राहिला. गावात तो सुनेला 'आमची डॉक्टरीण' म्हणायचा. मी डॉक्टर नाही, हे तिनं चारचौघांत सांगून बघितलं होतं. त्यानं काही ऐकलं नव्हतं.

"काम सोडायचं न्हाई. मी रोज जीपनं आणीन तुला," तो म्हणाला. "अन् जीपला आजच चार लाइट ठोकतो. तेच्यापरीस मोठे. बघू आता कोण कोणाला आंधळं करतंय."

दुपारी तो आळेफाट्याला जलालच्या गॅरेजात हजर झाला. दवाखान्यात पट्टी बदलायची होती, म्हणून उज्ज्वलाही बरोबर होती. जलाल मूळचा जुन्नरचा. गाड्यांचं वायरिंग करून त्याला तीस वर्षं झाली होती आणि गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

"जलालभाई, टपावर चार लाइट लाव. डायरेक्ट. बॅटरीवरनं सरळ वायर, बटण वेगळं."

"डायरेक्ट कशाला, हौशीरामभाऊ?"

"मी डिपर मारला, हेडलाइट खाली केला, तरी हे चार चालूच राहिले पायजेत."

"मग डिपर मारता कशाला? समोरच्याला राम राम घालाया?"

"तू लाइट लाव राव. उसात मोटार चालू करायला जातो तवा बिबट्या बसलेला असतो. तिकडं बी लागतात. पण रस्त्यावर पैले लागतात."

जलालनं उज्ज्वलाच्या हाताकडं बघितलं. "ताई, हे काय झालं?"

तिनं सांगितलं. जलालनं सगळं ऐकून घेतलं आणि मान खाजवली.

"लावतो," तो म्हणाला. "पण आमच्याकडं ट्रायल घेतल्याबिगर गाडी देत न्हाईत."

असा नियम त्या गॅरेजात कधीच नव्हता. तो त्यानं तिथल्या तिथं काढला.

चार लाइट त्यानं तात्पुरते जोडले आणि जीप शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घातली. शेडच्या मधोमध एक जुना टायर आडवा टाकला. "भाऊ, टायर बघून ठेवा बरं का. तुमी त्या भिंतीपासनं जीपपर्यंत चालत यायचं, टायर चुकवून. ताई, तुमी ड्रायव्हरच्या जागी बसा. मी सांगितलं की बटण दाबा."

"हे काय, पोरांचा खेळ?" हौशीराम हसला. "डोळे झाकून येतो."

"झाकू नका. उघडेच ठेवा."

जलालनं शटर खाली ओढलं. आत अंधार झाला. "दाबा, ताई."

चार लाइट पेटले. हौशीरामला शेड दिसेना, जीप दिसेना, स्वतःचे पायही दिसेनात. नुसता पांढरा जाळ. तरी गडी ताठ्यानं निघाला. टायर कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सहाव्या पावलाला तो त्याच टायरात बूड टेकून बसला, पाय वर.

जलालनं लाइट बंद करायला लावले आणि शटर उघडलं. हौशीराम डोळे चोळत टायरातच बसून होता. "जलाल, टायर हलवलास तू."

"जिथं व्हता तिथंच हाये. ताईंना विचारा."

उज्ज्वला जीपमधून उतरली नव्हती. स्टिअरिंग धरून ती तशीच बसली होती.

"मामा," ती म्हणाली, "मला सगळं दिसत व्हतं. मागच्या भिंतीवरली पाल बी दिसली. तुमी टायराकडंच निघाला, ते बी दिसलं. मला वाटलं, आता वळतील. एवढं लख्ख दिसतंय, तर वळतीलच की." तिनं पट्टीच्या हाताकडं बघितलं. "काल त्या माणसाला बी मी अशीच दिसले असंल. तेला वाटलं असंल, हिला बी दिसतंय."

आदल्या रात्रीपासून हौशीराम त्या जीपवाल्याला शिव्या घालत होता. आता पुढची शिवी कोणाला घालावी, ते त्याला कळेना. तो टायरातून उठला, विजार झटकली.

"जलालभाई," तो हळूच म्हणाला, "डायरेक्ट नको."

"मधी रिलेचा स्विच टाकतो, फ्यूज टाकतो," जलाल म्हणाला. "डायरेक्टनं बटण वितळतं, गाडी पेटती, ते वेगळंच. रिलेची वायर अप्परवरनं, म्हंजे हेडलाइटच्या वरच्या उजेडावरनं घेतो. अप्पर असंल तरच चार पेटतील. डिपर मारला की चार बी गप. उसात बिबट्याला दाखवा काय दाखवायचं ते. डांबरीवर मात्र चारींना झाकणं घालून चालवायचं."

तसं काम झालं. आठवड्याभरानं टाके निघाले आणि सोमवारी उज्ज्वला स्कूटीवरून लॅबला गेली. संध्याकाळी हौशीराम जीप घेऊन तिच्या मागं मागं येत होता. समोरून पहिली गाडी आली. त्यानं डिपर मारला. समोरच्या गाडीनं मारला नाही. दुसरीनंही नाही. दोन्ही वेळा उज्ज्वला रस्त्याच्या कडेला थांबली आणि हौशीराम मागं जीप उभी करून बसला, लाइट खाली ठेवून. तिसरी गाडी टेम्पो होती. टेम्पोवाल्यानंही डिपर मारला, तशी उज्ज्वला न थांबता पुढं गेली.

तेव्हा मंडळी, लाइट लावा, शेताला लावा, डोंगरात लावा, कोण नको म्हणत नाही. पण आपल्याला लख्ख दिसतंय म्हणून समोरच्यालाही दिसतंय, असं धरू नका. गाडी दिसली की पहिला डिपर आपला. समोरच्यानं नाही मारला, तरी आपला खालीच ठेवा. त्या उजेडापलीकडं स्कूटीवर कोण आहे, ते आपल्याला माहीत नसतं.