एक पोतं इकडचं तिकडे

"मावशी, काल झाडलंय, परवाही झाडलंय. धूळसुद्धा कंटाळून निघून गेली असेल. आता काय झाडताय?"

"हात गप्प बसत नाहीत, साहेब," ती म्हणाली आणि खराटा ओढत राहिली.

मी सरकारी धान्य गोदामाचा राखणदार. बावीस वर्षं किल्ल्या माझ्या कमरेला. हमाल पाठीमागे मला कुलूपराव म्हणतात, ठाऊक आहे, म्हणोत बापडे. त्या दिवसांत जुनं सरकार गेलं होतं आणि नवं अजून खुर्चीवर बसायचं होतं. मधल्या काळासाठी वरून एका ओळीचा कागद आला: नव्या सहीशिवाय एकही पोतं जागचं हलवू नये. मी तो दारावर चिकटवला. बाहेर गव्हाचा सकाळचा भाव दुपारी राहत नव्हता, दुकानांसमोर माणसं पहाटेपासून उभी असायची, आणि आत छतापर्यंत थप्प्या.

मावशी आमची झाडलोटवाली. गोदामाची रीत जुनी: हमाल आकडा लावून पोतं ओढतात तेव्हा जे दाणे सांडतील, ते झाडणारीचे. तिच्या घरी सून आणि लहान नात. मुलगा कामासाठी दूर गेला तो गेलाच. तिघींचं बरंचसं भागायचं ते या सांडलेल्या गव्हावर. आता पोती हलेनात, तसे दाणेही सांडेनात.

एका दुपारी ती खराटा भिंतीला टेकवून माझ्यासमोर उभी राहिली.

"साहेब, एक पोतं इकडचं तिकडे करा की. जास्त नको. एकच."

"आणि वरून कोणी विचारलं तर?"

"मग परत तिकडचं इकडे करा."

हसूच आलं मला. आणि लगेच रागही आला; बाईनं अगदी कोंडीत धरलं होतं. "माझ्या नोकरीवर उठलात का हो मावशी?" असा खेकसलो. ती "बरं, बरं" म्हणाली आणि झाडायला लागली. पुन्हा तिनं कधी मागितलं नाही.

येत मात्र रोज राहिली. जेवणाच्या सुट्टीआधी यायची, सुट्टी संपली की जायची. मी डबा उघडायचो तो तिच्याकडे पाठ करून. तेवढी लाज होती मला. डब्यातलं अर्धं पुढे करावं, एवढी नव्हती. माझ्याही घरी मोजूनच शिजतंय, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. पाठीमागे खराटा चालायचा. खर्र, खर्र.

मग चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी नवी सही आली आणि मी दारावरचा कागद काढला. हमालांच्या मुकादमानं पहिल्या पोत्याला आकडा लावला आणि तसाच थांबला.

"साहेब, मावशी गेली. परवा."

पोतं ओढलं तसे दाणे सांडले. एकाही हमालानं त्यांवर पाय दिला नाही. मी खाली बसून हातांनीच गोळा केले. दोन ओंजळी भरले.

रुमालात बांधून तिच्या घरी गेलो. सुनेनं मला ओळखलं आणि पदरानं डोळे पुसले.

"या ना, भाऊ. तुमचं नाव रोज निघायचं घरात."

"माझं?"

"असेल ते आई आम्हा दोघींना वाढायच्या. म्हणायच्या, मी गोदामातच जेवते. साहेब डब्यातलं अर्धं देतात, नको म्हटलं तर ओरडतात. वाळल्या होत्या, पण मला वाटलं, वय झालं. तुमचे उपकार कसे फेडू हो?"

खरं सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं. तेवढ्यात नात माझ्याजवळ आली.

"तुमच्या डब्यातलं आजीला काय आवडायचं?"

"सगळंच," मी म्हणालो.

रुमाल उंबऱ्यावर ठेवला आणि निघालो. रस्ताभर मला स्वतःची किळस येत होती.

आता पोती रोज हलतात. झाडायला नवी बाई आहे, ती सकाळीच काम उरकून जाते. तरी जेवणाच्या सुट्टीत थप्प्यांच्या मागून खराटा ऐकू येतो. मुकादमाला विचारलं, तो म्हणतो, उंदीर असतील. मी आता थप्प्यांकडे तोंड करून बसतो. डबा उघडतो, झाकणात अर्धं काढतो आणि झाकण पुढे सरकवतो.

आवाज काही थांबत नाही.