साधा फाऊल

शेषरावांनी शिट्टी फुंकली आणि घड्याळ थांबलं. अमरावतीची चंदा मनगट चोळत होती. तिच्यासमोर अकोल्याची निखत दोन्ही हात वर करून उभी होती. मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना संपत आला होता आणि अमरावती एका गुणाने पुढे होती.

अशा वेळी घड्याळ थांबवायला मागे पडलेला संघ फाऊल करतोच. पंचाने बघायचं एवढंच, की हात चेंडूकडे गेला की चेंडू सोडून अंगावर. चेंडूकडे गेला तर साधा फाऊल. चंदाला दोन फ्री थ्रो, आणि ते हुकले तर अकोल्याला संधी. अंगावर गेला तर तो जाणूनबुजून केलेला. मग फ्री थ्रोनंतर चेंडूही अमरावतीचाच.

"पाहा सर, तुमचीच पोरगी हाय ते," अमरावतीचे प्रशिक्षक भगवंत बाकावरून म्हणाले.

आवाज चढा नव्हता, तरी पंचांचं काम बघायला पहिल्या रांगेत बसलेल्या निरीक्षकांनी मान वर केली. पंच होण्याआधी शेषराव अकोल्यात मुलींना शिकवत. निखतच्या आईची, शकीलाबाईंची, समजूत घालून निखतला मैदानावर त्यांनीच आणलं होतं.

त्यांनी निखतकडे पाहिलं नाही. दोन्ही हात वर नेले आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. जाणूनबुजून.

चंदाने दोन्ही फ्री थ्रो घातले. चेंडू पुन्हा अमरावतीकडेच गेला आणि सामनाही.

"मानलं सर," भगवंतांनी हात मिळवला. "दुसरा असता तं आपल्या पोरीले वाचवलं असतं."

राज्य स्पर्धेसाठी पंच म्हणून तुमचं नाव पाठवतो, असं निरीक्षक म्हणाले.

बसस्टँडवर अकोल्याच्या मुली गाडीत चढत होत्या. निखत मागे थांबली.

"सर, माहा हात बॉलवर होता. तुमी जवळच होते."

"होतो."

"चंदानं असाच फाऊल केला असता, तं साधा देल्ला असता न?"

शेषरावांनी बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. सरावात एखादी गोष्ट कळली नाही की ती असंच विचारायची.

"मले एवढंच सांगा, माहा हात चुकला का?"

"नाही. बरोबर होता."

निखतने मान हलवली आणि गाडीत चढली. खिडकीशी बसून तिने शेजारच्या सीटवरची बॅग मांडीवर घेतली.

"अकोला?" कंडक्टरने दारातून विचारलं.

शेषरावांचं घर अकोल्यातच होतं.

"मागच्या गाडीनं येतो," ते म्हणाले.