सगळ्यात लांब पर्याय

ताईच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. दुपारी धाकटी बहीण उशाशी बसली होती. ती बारा वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवत होती. सगळे तिला मॅडम म्हणत. चिडवायचं असलं की ताईसुद्धा.

वॉर्डातली नर्स ट्रे घेऊन आली. मॅडमनी तिला लगेच ओळखलं. गेल्याच वर्षी पास झालेली, बारीक आवाजामुळे वर्गात 'चिमणी' म्हणून ओळखली जाणारी, परीक्षेत पहिल्या पाचांतली.

"ताईंचं पोटॅशियम कमी आलंय, मॅडम. द्यायला सांगितलंय."

ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती. सलाइनची बाटली नव्हती. चिमणीनं ताईच्या हातातल्या सुईचं टोपण काढलं.

मॅडमनी चिमणीचं मनगटच धरलं.

"कसं देणार आहेस?"

"शिरेतून."

"असंच? बाटलीत न मिसळता?"

चिमणीनं सिरिंजकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हृदय बंद पडलं असतं..." एवढंच पुटपुटली.

"काय गं, काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. बाटली राहिली आणायची," मॅडम म्हणाल्या.

दोघींनी मिळून इन्चार्ज सिस्टरना घडलं ते सांगितलं. सिस्टरनी स्वतः औषध बाटलीत मिसळून सावकाश सुरू केलं. मग मॅडमनी चिमणीला बाहेर गाठलं.

"हाच प्रश्न मी पेपरात घातला होता. तुझं चुकलं होतं?"

"नाही. बरोबर आलं होतं." चिमणी रडवेली झाली. "मॅडम, रागावू नका. तुमच्या पेपरात सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो. सगळ्यांना ठाऊक आहे. सीनिअर सांगून जातात."

मॅडम मनात हिशोब करू लागल्या. बारा वर्षांत शिकवलेल्या मुली, आणि त्या सगळ्या आता कुठल्या ना कुठल्या वॉर्डात. संध्याकाळपर्यंत मॅडम ताईच्या नाडीवरचं बोट काढायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जुना पेपर काढला. चाळीस प्रश्नांपैकी एकतिसांत लांब पर्यायच बरोबर. प्रत्येक प्रश्नातले बाकीचे तीन पर्याय कुणीही डोळे मिटून खोडावेत असे.

"निकाल चांगला लागतोय. कशाला उकरून काढता?" प्राचार्य म्हणाल्या.

"याच पेपरात पास झालेली मुलगी माझ्या बहिणीच्या शिरेत थेट पोटॅशियम देत होती," मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांनी नवा पेपर काढायची परवानगी दिली.

सुट्टीच्या दिवशी चिमणी मॅडमकडे आली. घाईत आपल्या हातून काय काय चुकतं, ते तिनं मान खाली घालून सांगितलं. मॅडमनी त्याच चुका नव्या पेपरात चुकीचे पर्याय म्हणून लिहिल्या, चारही एकाच लांबीचे.

नव्या पेपरात निम्मा वर्ग नापास झाला. पोटॅशियमच्या प्रश्नात तर सतरा जणींनी थेट शिरेत दिलं होतं. मॅडमनी त्या सतराही जणींना प्रयोगशाळेत बोलावलं आणि प्रत्येकीकडून बाटलीत औषध मिसळून घेतलं.