दहा सेकंदांचा अंधार

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि तुम्हाला दहा सेकंदांचा अंधार हवा आहे. जास्त नको. तुमच्याजवळ काळ्या कागदाची एक पट्टी आहे. उजेडात ती कोरी दिसते. पण अंधारात तिच्यावर एक छोटा जांभळा दिवा धरला, की पृथ्वीचा गोळा चमकायला लागतो, भोवती धुकट वलय घेऊन. त्या पट्टीसाठी तुम्ही तीन आठवडे खपला आहात. समोर दीडशे माणसं बसली आहेत आणि दिव्याचं बटण दुसऱ्याच्या हाताशी आहे.

जमलं? आता तिथे ज्ञानदाला उभी करा.

ज्ञानदा जर्मनीतल्या बॉबलिंगेनला राहते. यंदा तिथल्या मराठी मंडळाने ठरवलं, की दिवाळीच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाने एकेक शास्त्रज्ञ व्हायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. कोण व्हायचं ते ज्ञानदाने त्याच दिवशी ठरवून टाकलं. जॉर्ज कॅरुथर्स. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने दहा वर्षांचा असताना पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केली होती. मोठेपणी त्याने असा कॅमेरा बनवला, की आपल्या डोळ्यांना जो प्रकाश दिसतच नाही तो त्या कॅमेऱ्याला दिसे. १९७२ साली अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी तो सोनेरी कॅमेरा चंद्रावर उभा केला आणि त्याने पृथ्वीचे फोटो काढले. परत येताना त्यांनी फक्त फिल्म आणली. कॅमेरा अजून तिथेच आहे. ज्ञानदाला ही गोष्ट सगळ्यात आवडायची. कॅमेरा तिकडे एकटा, आणि त्याने पाहिलेलं सगळं इकडे घरी.

पहिल्या तालमीला मीनलकाकू नावांची यादी करायला बसल्या. मंडळाचे मुलांचे कार्यक्रम त्याच बसवतात. एक तरी कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ घेऊ या, जर्मन पाहुणेही येणार आहेत, बरं दिसतं, असं त्या म्हणाल्या. ज्ञानदाचा हात लगेच वर गेला. काकूंनी तो पाहिलाही नाही. यादीकडे बघतच त्या म्हणाल्या, "त्याला आपली ज्ञानदा आहेच की. रंग फासायचंसुद्धा काम नाही."

मोठी माणसं हसली, म्हणून मुलंही हसली. ज्ञानदाने वर केलेला हात खाली घेतला.

गाडीत तिने आईला जर्मनमध्ये सांगितलं, की मला आता जायचंच नाही. आई, म्हणजे मालिनी, म्हणाली की काकूंचं बोलणंच तसं, त्यांच्या मनात काही नसतं. मात्र त्या रविवारी ज्ञानदाच्या तोंडाला लावायच्या डाळीच्या पिठात हळद जरा जास्तच पडली.

बाबांनी मात्र तिला कॅमेरा करायला मदत केली. गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीची मुदत संपली होती. तिच्यातलं जखमीला ऊब द्यायचं, घडी घातलेलं पातळ सोनेरी पांघरूण काढून त्यांनी पुठ्ठ्याच्या कॅमेऱ्यावर चढवलं. ज्ञानदाकडे न दिसणाऱ्या शाईचं पेन होतं, टोपणात जांभळा दिवा असलेलं. त्या शाईने तिने काळ्या पट्टीवर पृथ्वी काढली, ती कॅमेऱ्यात गुंडाळून ठेवली आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात बाबांना उघडून दाखवली. बाबांनी वाकून ती जवळून पाहिली. मग म्हणाले, "बघतच राहतील लोक."

कार्यक्रम दुपारी होता. ज्ञानदाने हॉल सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरला विचारून सगळ्या खिडक्यांची रोलाडेन, म्हणजे बाहेरची गुंडाळती झडपं, आधीच खाली करून घेतली होती. राहिले होते ते फक्त वरचे दिवे. त्यांच्या बटणांपाशी माइक घेऊन श्यामकांतकाका उभे होते. मंडळाचं निवेदन नेहमी तेच करतात. ते बोलायला लागायच्या आधीच लोकांच्या चेहऱ्यावर हसू येतं.

ज्ञानदा छान बोलली. मराठी शब्द जपून उच्चारत, एकदाही न अडता. शेवटी म्हणाली, "श्यामकांतकाका, दिवे बंद करा ना. फक्त दहा सेकंद."

"दिवे?" काका माइकमध्ये म्हणाले. "अगं, दिवे घालवल्यावर तू आम्हाला दिसणार कशी?"

हॉल हसला.

"एक कर. हसत राहा. दात दिसले, की समजू आम्ही, ज्ञानदा आहे अजून."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मीनलकाकू डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेतल्या जर्मन पाहुण्यांना काही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. ज्ञानदाने बाबांना शोधलं. ते दुसऱ्या रांगेत होते, मोबाइलवर तिचं चित्रण करत. मोबाइल हलत होता, कारण हसण्याने बाबांचे खांदे हलत होते. शेजारी बसलेली आई दोन बोटांनी स्वतःचे ओठ ताणून तिला खुणावत होती. हस.

"दहा सेकंद," ज्ञानदा पुन्हा म्हणाली.

"चला, बघू या दिसते का," काका म्हणाले आणि त्यांनी एकेक करत सगळी बटणं बंद केली.

अंधार झाला. न्हाणीघरात होता तसाच, गच्च. याच अंधारासाठी ती तीन आठवडे थांबली होती.

"दहा," काकांनी मोजायला सुरुवात केली आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर मोजू लागला. "नऊ. आठ." मागून एक मुलगा ओरडला, "दात दाखव." पुन्हा हशा. "सात. सहा."

जांभळा दिवा ज्ञानदाच्या मुठीत होता आणि अंगठा बटणावर. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मग अंगठा उचलला, कॅमेऱ्याच्या पाठीमागचं झाकण चाचपून उघडलं आणि काळी पट्टी बाहेर काढली. ती चुरगळू नये म्हणून तिने सावकाश गुंडाळली.

"तीन. दोन. एक."

दिवे लागले. व्यासपीठावर सोनेरी कॅमेरा एकटाच उभा होता. बाजूचं दार उघडं होतं, आणि फिल्म घेऊन ज्ञानदा निघून गेली होती.