मागं बसले व्हते

गुलबर्ग्याकडच्या आमच्या राजेश्वर गावापासून कल्याणपर्यंत भीमराजची प्रवासी जीप चालायची. भीमराज म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे, आता घेते. आमची सात वर्षांची विशाखा कल्याणच्या शाळेत जायची, ती रोज त्याच्या मांडीवर बसून, स्टीअरिंगला दोन्ही हातांनी धरून. इकडे तशी रीतच होती. ड्रायव्हरचं स्वतःचं लेकरू पुढे दिसलं की लोकांना धीर यायचा. "पोरगी पुढं हाय, आता भीमराज दमानं चालवतो," असं म्हणत म्हाताऱ्या बायका निवांत डुलक्या काढायच्या. दहा-बारा जणांच्या जिवासाठी माझं लेकरू पुढे बसायचं, आणि मला मूर्खासारखा त्याचा अभिमान वाटायचा.

चौऱ्याऐंशी साली दिवाळीनंतर रस्त्यावरच्या पोलीस नाक्यावर नवा साहेब आला. त्याने जीप अडवली, विशाखाला खाली उतरवलं आणि भीमराजला बजावलं, की चालवणाऱ्याच्या मांडीवर लेकरू बसवणं कायद्याविरुद्ध आहे, पोरगी मागेच बसली पाहिजे, पुन्हा पुढे दिसली तर लायसन जप्त. साहेबाचं काही चुकलं नव्हतं. पण आम्हाला वाटलं, हा कोण शहाणा लागून गेला! तेव्हापासून नाका आला की भीमराज विशाखाला उचलून मागे द्यायचा, नाका गेला की परत पुढे घ्यायचा.

भीमराजने तिला पढवूनही ठेवलं होतं. घरी जेवताना तो पोलिसाचा आवाज काढून विचारायचा, "काय गं पोरी, कुठं बसली व्हतीस?"

ती छाती फुगवून म्हणायची, "मागं बसले व्हते, साहेब!"

मी भाकरी थापता थापता हसायचे. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्या सकाळी नऊच्या सुमाराला उसाची बैलगाडी अचानक आडवी आली. भीमराजने करकचून ब्रेक दाबला, तरी जीप गाडीच्या चाकावर आदळलीच. बैल वाचले, माणसं वाचली. विशाखाच्या कपाळाला खोक पडली. तिला कल्याणला एका डॉक्टरांकडे नेलं. मी तेव्हा गावात बालवाडीवर होते. निरोप मिळाला आणि मिळेल ती बस पकडून मी दुपारी बाराला तिथे पोचले.

कपाळाला दोन टाके घातले होते. डॉक्टर भले माणूस होते. मला म्हणाले, "मागच्या बाकावरून पडली, डोक्याला मार आहे. संध्याकाळपर्यंत इथेच लक्ष ठेवतो." मी हायसं वाटून खाली बसले. मागे बसली होती तर बरंच झालं, असंही मला वाटून गेलं. आईच्या मनाला जे हवं असतं तेच आधी खरं वाटतं.

पण पोरगी पांढरीफटक पडली होती. सारखं पाणी मागत होती. फ्रॉकवर रक्त सांडलं होतं म्हणून मी तो बदलायला घेतला, आणि माझे हात तिथेच थांबले. बरगड्यांच्या खाली, पोटावर, काळानिळा अर्धा गोल उठला होता. असा गोल मी रोज बघत होते. स्टीअरिंगचा.

"विशू, कुठं बसली व्हतीस?"

"मागं बसले व्हते."

"पोटात दुखायलंय का?"

तिने दाराकडे बघितलं. दारात भीमराज उभा होता. "न्हाई," ती म्हणाली.

मी उठले आणि त्याला व्हरांड्यात ओढून नेलं. "पुढं व्हती न्हवं ती? डाक्टरला कामून सांगितलं न्हाई?"

तो भिंतीला टेकला. "इंदे, लायसन गेलं तर मी काय करू? मला दुसरं काय येतंय?"

जीपमधले माणिकराव पाटीलही तिथेच होते. मोठा शेतकरी माणूस, सकाळपासून पोरीसाठी उपाशी बसलेला. ते हात जोडून म्हणाले, "अक्का, आमी समद्यांनी एकच सांगितलंय. आता बदलू नका. भीमराजासारखा डायवर घावायचा न्हाई. पोरीचं डोकं तर बरं हाय म्हणायलेत डाक्टर."

सगळे आमच्या भल्यासाठीच खोटं बोलले होते. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. आणि मी, तो गोल डोळ्यांनी बघून आलेली आई, तरीही थांबले. एक कप चहा प्यायला लागतो तेवढा वेळ थांबले. घर डोळ्यांपुढे आलं, जप्त झालेलं लायसन आलं, रिकामी चूल आली. मग आतून विशूचा आवाज आला, "माय, पाणी," आणि मी पळत डॉक्टरांकडे गेले.

"ती खोटं बोलायलीय, साहेब! पुढं व्हती. बापाच्या मांडीवर. स्टेरिंगचं चाक पोटात बसलंय."

डॉक्टरांनी येऊन पोटावर बोटं ठेवली. विशाखा किंचाळली, आणि लगेच बापाकडे बघून तिने ओठ घट्ट मिटले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आत रक्तस्राव होतोय. सकाळीच सांगायला काय झालं होतं तुम्हाला? इथे ऑपरेशन होणार नाही. आत्ताच्या आत्ता गुलबर्ग्याला न्या."

गाडी आमचीच होती, बंपर वाकलेली. मी मागच्या बाकावर बसले, विशाखाचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलं. भीमराज चालवत होता आणि मोठ्याने रडत होता. राजेश्वर मागे पडलं तेव्हा रस्त्याकडेला आमची माणसं उभी होती. तो थांबला नाही.

हुमनाबादच्या पुढे विशाखाने डोळे उघडले. "माय, आप्पाला पोलीस न्हेतील का?"

"न्हाई गं, न्हाई."

तिने मान जरा वळवून बाकाकडे बघितलं. "आता मी खरंच मागं बसलेय," ती म्हणाली, आणि तिला बरं वाटलेलं मला दिसलं. त्यानंतर तिने पाणी मागितलं नाही. कमलापूर आलं, गेलं, मी तिचे पाय चोळत राहिले आणि भीमराजला ओरडून सांगत राहिले, हाय, हाय, अजून हाय, चालवा.

गुलबर्ग्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भीमराज तिला छातीशी धरून आत पळाला. अपघात म्हणताच तिथल्या डॉक्टरांनी नाडी शोधत तिचं मनगट धरलं आणि खाली बघतच विचारलं, "कुठे बसली होती?"

"पुढं व्हती, साहेब! माझ्या मांडीवर व्हती!" भीमराज सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडला. "लायसन घ्या माझं, जेलात घाला मला, पुढं व्हती ती, मी बसवली व्हती!"

डॉक्टरांनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग तिचा हात हळूच खाली ठेवला.